तारेच्या अलीकडचं गवत

साल २०२४. माझं वय त्र्याहत्तर. मे महिना संपत आला होता. बिबवेवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांना मी कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. खाली जावयाची गाडी उभी होती. माझ्या हातात एकच पिशवी बघून माझी लेक सुजाता म्हणाली, "अण्णा, एवढंच सामान?"

"पावसाळ्यापुरतं पुष्कळ झालं," मी म्हणालो.

विहाराच्या कट्ट्यावर नेहमीची मंडळी बसलेली होती. गाडी बघून उठली. कांबळे म्हणाला, "काय बनसोडे, परदेशी निघालात म्हणे?"

"धायरीला. व्हिसा लागत नाही."

सगळे हसले, मीही हसलो. जिन्यावरून पडलो नसतो तर मी तेवढाही हललो नसतो. पण पडलो, तीन आठवडे पाय प्लास्टरात, आणि घरात पाणी द्यायला कुणी नाही. सुजातानं काही ऐकून घेतलं नाही. मी एवढंच कबूल करून घेतलं, की पावसाळा संपला की परत. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा मागं बघितलं नाही. परत येणारा माणूस मागं बघत नसतो.

तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे, कट्ट्यावरच्या मंडळींनो. आणि तुमच्यातले जे माझ्या आधी लेकाकडं, लेकीकडं, कुणी कात्रजला तर कुणी पार अमेरिकेला जाऊन राहिले, त्यांच्यासाठीही. मी चौथी शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर ज्याला मास्तर व्हायची हौस आहे त्यानं दुरुस्त करून वाचावं. तुम्ही फोनवर विचारता, तिकडं करमतं का, आणि मी 'बरं आहे' म्हणून फोन ठेवतो. आता नीट सांगतो. पण नीट सांगायचं तर ते एका गवत कापायच्या मशीनपासून सांगावं लागतं, त्याला माझा इलाज नाही.

घर सोडणं मला नवीन नव्हतं. अडुसष्ट साली, सतरा वर्षांचा असताना, मी माणदेशातलं गाव सोडलं. वडील फाट्यापर्यंत चालत आले. खांद्यावर टॉवेल आणि टॉवेलात गुंडाळलेला विळा. मला वाटलं, जाताना बांधावरचं गवत कापून न्यायचं असेल. एस्टी आली तेव्हा तो विळा त्यांनी माझ्या हातात दिला. पुण्यात विळ्याचं मी काय करणार होतो? पण वडलांना विचारायची सोय नव्हती. म्हणाले, "मिळंल ते काम कर. पर दुसऱ्याच्या गवताला हात लावू नगंस."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घराकडं गावकीची जी कामं होती त्यात एक गवताचं होतं. पावसाळा सरला की रानातून भारे कापून आणायचे आणि गावातल्या मोठ्या घरांच्या गोठ्यात नेऊन टाकायचे. मोबदला म्हणजे उरलंसुरलं, तेही मागितल्यावर. छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली आणि पुढच्या पावसाळ्यात वडील गेले नाहीत. बोलवायला माणूस आला. वडील दारात बसून विळ्याला धार लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ह्यो इळा आता आमच्या बांधावर चालतो. दुसऱ्याच्या गवताला हात लावायचा न्हाई." मी सहा वर्षांचा, त्यांच्या पाठीशी उभा. आमचा बांध तरी केवढा, तर एक शेळी दोन दिवसांत संपवील एवढा. पण त्या गवताकडं बघताना वडलांच्या मानेला जो ताठा यायचा, तो मी पुढं कारखान्याच्या साहेबातही बघितला नाही.

पुण्यात मी कारखान्यात क्रेनवर लागलो. छताखाली, काचेच्या केबिनीत बसून खालचं लोखंड उचलायचं आणि ठेवायचं. बिबवेवाडीतल्या दोन खोल्या झाल्या, शांता आली, सुजाता झाली. विळा भिंतीवरच्या खिळ्याला टांगून राहिला. आत फरशी, बाहेर डांबर. पन्नास वर्षांत त्याच्यासमोर गवताची काडी आली नाही. शांता पावसाळ्याच्या तोंडी त्याला तेल लावायची आणि म्हणायची, "सासऱ्यांचा फोटो नाही आपल्याकडं. हाच समजा." शांताला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. निघताना विळ्याकडं लक्ष गेलं, पण पावसाळ्यापुरतं जायचं तर खिळ्यावरचं कशाला काढा, म्हणून तसाच ठेवला.

धायरी म्हणजे मला आठवतं ते शेतांचं गाव. आता सुजाताचं घर आहे तिथं एका रांगेत सात सारखी घरं आहेत. सुजाता सरकारी नोकरीत. जावई विश्वास कॉम्प्युटरवाला, घरूनच काम करतो. कानात ते घालून दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालत इंग्रजीत भांडतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणसाचं काहीतरी बिनसलंय. घराच्या पुढं आणि एका बाजूनं गवत. पुढं भिंत घालायची नाही असा सोसायटीचा नियम, त्यामुळं आमचं गवत आणि शेजारच्या केळकरांचं गवत एकच दिसायचं.

केळकर माझ्याच वयाचे. सगळा जन्म शनिवार पेठेत काढून मुलाकडं राहायला आलेले. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "आपण मूळचे?"

"बिबवेवाडीचे."

"म्हणजे पुण्याबाहेरचे."

"आणि आपण आता कुठं राहता?" मी विचारलं.

त्या दिवसापासून आमचं जमलं.

बाकी मात्र जमत नव्हतं. खायला-प्यायला उत्तम, खोली स्वतंत्र, पण आमच्या पिढीच्या माणसाला लेकीच्या घरी राहणं म्हणजे पीएमटीच्या सीटच्या कडेवर बसल्यासारखं. बसलोय खरं, पण स्टॉप आला की उठायचं. सकाळी बंडी घालताना मी आधी किल्ली चाचपायचो, मग बटणं लावायचो.

जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि गवत उठलं. माळी पेरणीला म्हणून गावी गेला तो तिकडचाच झाला. एका रविवारी सुजाता गवताची मोठी कात्री घेऊन वाकली होती. तिची कंबर धरते. मी पायरीवर बसून बघत होतो. ती म्हणाली, "अण्णा, तेवढं कडेचं घेता का? बसल्या बसल्या होईल."

"दुसऱ्याच्या गवताला मी हात लावत नाही. माहीत आहे तुला."

सवयीनं गेलं तोंडातून. तिनं कात्री खाली ठेवली. "दुसऱ्याच्या," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसता शब्द उच्चारून बघितला. मग आत गेली आणि कुकर लावला.

पुढचे दोन-तीन दिवस ती माझ्याशी आल्यागेल्या पाहुण्याशी बोलावं तशी बोलली. चहा झाला का, गोळी घेतली का, पंखा लावू का. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाची उत्तरं मला येतात.

मग एका रात्री जेवताना विश्वास म्हणाला, "रोबो घेऊया का? गवत कापायचा. आपला आपण फिरतो, आपला आपण चार्ज होतो."

सुजाता माझ्याकडं न बघता म्हणाली, "घेऊया. निवडायचं काम अण्णांचं. हात लावायचा नाही ना, डोळे लावतील."

टोमणा होता, पण त्यात कामही होतं. रिटायर झाल्यापासून कुणी मला काम म्हणून काही सांगितलं नव्हतं. मी ताटातली भाकरी संपवली आणि म्हणालो, "दाखवा, कसलं असतं ते."

मला वाटलं होतं, माणसासारखे हातपाय असतील. विश्वासनं मोबाइलवर दाखवलं तर ते निघालं कासव. पोटाखाली एक तबकडी, तबकडीला दाढीच्या ब्लेडसारखी तीन पाती. विळा गवत मुठीत धरून मुळाशी कापतो. हे तसं नाही. हे रोज निघतं आणि रोज नखाएवढं शेंड्यावरचं कापतं. कापलेलं बारीक तिथंच पडतं आणि त्याचंच खत होतं. म्हणजे भारा नाही. गवत कापायचं आणि भारा करायचा नाही, हे मला दोन दिवस पचलं नाही. वडलांना सांगितलं असतं तर त्यांनी मला पुण्याची हवा लागली म्हटलं असतं.

उचललं की पाती आपोआप थांबतात. पाऊस आला की त्याला कळतं आणि ते घराकडं निघतं. चोरानं नेलं तर ओरडतं. हे सगळं मी समजावून घेतलं, कारण मला यंत्र आवडतं आणि न समजता हो म्हणणं आवडत नाही. पण माझा मुख्य प्रश्न वेगळा होता. मी विश्वासला विचारलं, "त्याला आपलं कुठवर ते कसं कळतं?"

तो खूश झाला. म्हणाला, "अण्णा, बेस्ट प्रश्न. त्यावरच किंमत ठरते." मग त्यानं सांगितलं. एका प्रकाराला कॅमेरा असतो, ते बघून चालतं. दुसऱ्याला आभाळातून सॅटेलाइट सांगतो, तू कुठं आहेस. आणि तिसरा, जुना प्रकार म्हणजे कडेनं जमिनीत तार पुरायची. तारेतून बारीक करंट जातो. तारेपाशी आलं की मशीन वळतं.

"आमच्या क्रेनला लिमिट स्विच असायचं, तसं," मी म्हणालो.

"तसंच. पण ते जुनं झालं आता. कॅमेऱ्याचं बघू."

शोरूमचा माणूस घरी दाखवायला आला. शेखर त्याचं नाव, चाळिशीचा, बोलायला गोड. त्यानं कॅमेऱ्याचं मशीन गवतावर ठेवलं. ते निघालं. मोगऱ्याच्या कुंडीपाशी आलं, बघितलं, वळसा घालून गेलं. पायरीपाशी आलं, वळलं. मी मनात म्हटलं, चांगलं शिकलेलं आहे. शेखर म्हणाला, "काका, याला गवत काय आणि गवत नाही ते काय, बरोबर ओळखू येतं."

तोवर ते केळकरांच्या बाजूला लागलं होतं. तिकडंही गवतच. ते काही थांबेना. केळकर व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मशीन त्यांच्या पायरीपर्यंत गेलं आणि तिथं उभं राहिलं. केळकरांनी चष्मा खाली करून बघितलं.

"या," ते मशीनला म्हणाले. "चहा झालाय की घेणार?"

शेखर पळत जाऊन ते उचलून घेऊन आला. म्हणाला, "ॲपमध्ये लाइन मारता येते काका." मी म्हटलं, "त्याला गवत कळतं. कुणाचं ते कळत नाही. आमच्या कामाचं नाही."

सुजाता ऑफिसला निघाली होती. गाडीवर बसता बसता म्हणाली, "कुणाकुणाला नुसतं कुणाचं तेवढंच कळतं." हेल्मेट घातलं आणि गेली.

सॅटेलाइटचं फार वेळ चाललं नाही. आमच्याकडं एका अंगाला जांभळाचं मोठं झाड आणि मागं उंच इमारत. त्या दोघांच्या मध्ये गेलं की त्याला आभाळ दिसेना आणि ते बत्ती लावून जागच्या जागी विचार करत बसायचं. विश्वासला ते मनापासून आवडलं होतं. तो हिरमुसला. तार ठरली.

पण आकार ठरायचा होता, आणि तिथं मी अडलो. शेखरकडं तारेची दोन मशीनं होती. एक लहान, पाटाएवढं. दुसरं दणकट, मोठी चाकं, चढ चढणारं, मैदानं कापणारं. सुजाता म्हणाली लहान पुरे. मी म्हणालो, यंत्र घ्यावं तर पुढच्या दहा वर्षांचं घ्यावं. तिनं बाजूचा बोळ दाखवला. घर आणि कुंपण यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे, तिथंही गवत आहे. ती म्हणाली, "मोठं तिथं वळणार नाही, अण्णा."

"मी पस्तीस वर्षं क्रेन चालवली. कुठं काय वळतं ते मला सांगू नकोस."

मोठं मशीन बोळात शिरलं मोठ्या डौलात. टोकाला गेलं, वळायला लागलं आणि एक चाक पाइपाला, दुसरं भिंतीला, असं आडवं अडकून बसलं. पुढं जाईना, मागं येईना. शेखर आणि विश्वासनं मिळून ओढून काढलं. सगळे माझ्याकडं बघत होते. केळकरही बघत होते, ते सांगायला नको.

मी जागा नीट न्याहाळली आणि म्हणालो, "मशीन चांगलंच आहे. अंगण चुकलंय."

सुजाता हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदा. लहान मशीन आलं.

तार पुरायच्या दिवशी शेखर तारेचं रीळ घेऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "काका, तुमची हद्द दाखवा. मी मागून तार टाकत येतो."

"यांची हद्द," मी म्हणालो.

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतला नळ बंद झाला. मी चालायला लागलो. पायरी, मोगरा, जांभळाभोवती गोल, बोळ, परत पुढं. चालताना मला वडील आठवत होते. तेही पेरणीआधी बांधावरून एकदा असं चालायचे, कुणी विचारलं नसलं तरी. केळकरांच्या बाजूला आलो तेव्हा मी चांगला दोन-अडीच फूट आत सरकलो आणि तिथून सरळ गेलो.

शेखर म्हणाला, "एवढी पट्टी सोडलीत, काका? तिथं कापलं जाणार नाही."

"न जाऊ दे. शेजाऱ्याच्या गवताला पातं लागता कामा नये."

मशीन सुरू झालं आणि मला छंद लागला. सकाळी चहा घेऊन मी गच्चीवर जायचो. तिथून ते खाली फिरताना दिसायचं तसंच, जसं केबिनीतून कारखान्याचा तळ दिसायचा. ते वेडंवाकडं चालतं, एका रेषेत नाही, आणि तरी चार दिवसांत सगळीकडं हात फिरलेला असतो. हे कसं, ते मी बरेच दिवस बघितलं. मला अजून पूर्ण कळलेलं नाही, म्हणून अजून बघतो. केळकर खालून विचारायचे, "काय बनसोडे, तुमचे चिरंजीव उठले का?"

बॅटरी उतरली की ते तारेच्या कडेकडेनं चालत पायरीखालच्या आपल्या चार्जिंगच्या ठोकळ्यात जाऊन बसायचं. विश्वासच्या फोनवर तेव्हा अक्षरं यायची की मशीन घरी निघालंय. चार थेंब पडले तरी घरी. काम संपलं की घरी. त्याला कुणी विचारत नव्हतं, का आलास म्हणून. मी बंडीवरून किल्ली चाचपायचो. ऑगस्टमध्ये एकदा मी मनाशी बोललो, की एवढे गणपती झाले की पाऊस ओसरेल, मग निघायचं. सुजाताला अजून सांगितलं नव्हतं. पण ती लेक आहे. तिनं माझी पिशवी धुऊन, वाळवून, घडी घालून माझ्या कपाटात वर ठेवली.

इकडं ती सोडलेली पट्टी वाढत होती. दोन्हीकडं गवत दाढी केल्यासारखं आणि मध्ये गुडघ्याएवढं रान. मला वाटायचं, केळकरांचा माळी येईल आणि त्यांच्या बाजूनं कापील. त्यांचा माळी दर आठवड्याला यायचा, एका दगडापर्यंत कापायचा आणि निघून जायचा. एकदा केळकर म्हणाले, "ही हिरवळ आहे का अभयारण्य?" मी म्हणालो, "तुमच्या माळ्याला विचारा." ते म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांना विचारा." आणि दोघंही आपापल्या चहाकडं वळलो.

गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी केळकरवहिनी परडी घेऊन त्या पट्टीपाशी येऊन उभ्या राहिल्या. सुजाता नुकतीच ऑफिसातून आलेली, गाडी स्टँडवर लावत होती. वहिनी म्हणाल्या, "बनसोडे, थोडी दूर्वा खुडू का? मंडईत जायला गुडघे राहिले नाहीत. आणि कापलेल्या गवतात कोवळा शेंडा मिळत नाही. तुमच्याकडं छान आलीय."

बघितलं तर खरंच, त्या रानात खाली सगळी हरळी पसरली होती. आमच्या गावाकडं हरळी म्हणजे शेताचा वैरी. खणून काढतात, उन्हात टाकतात, तरी उगवते. तीच यांच्याकडं देवाच्या डोक्यावर जाते. आमच्या घरी गणपती बसत नाही, पण शेजारणीला गवत नाही कशाला म्हणायचं?

"वहिनी, आमचं नाही ते," मी म्हणालो. "आमची तार इकडं आहे. पलीकडचं तुमचंच. घ्या की."

"मुळीच नाही," केळकर व्हरांड्यातून म्हणाले. "आमची हद्द त्या दगडाला संपते. माझ्या माळ्याला मी पहिल्या दिवशी सांगितलंय, बनसोड्यांच्या गवताला कात्री लागली तर पुन्हा येऊ नकोस. उद्या कुणी म्हणायला नको, पेठेतली माणसं दुसऱ्याचं ओढतात."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन म्हाताऱ्यांनी सबंध पावसाळा एकमेकांच्या गवताची राखण केली होती.

"म्हणजे हे कुणाचंच नाही?" वहिनी म्हणाल्या. "मग मला चालायचं नाही. देवाचं असलं तरी न विचारता घ्यायचं नसतं. ज्याचं आहे त्यानं 'घ्या' म्हणायला लागतं, नाहीतर वाहून उपयोग काय?"

"बनसोडे," केळकर म्हणाले, "दोघांतल्या एकानं मालक व्हा. हिला फार वेळ उभं राहवत नाही. मी होणार नाही, मी तत्त्वाचा माणूस आहे."

सुजातानं हेल्मेट काढलं होतं, पण ती आत जात नव्हती. गाडीच्या आरशात काहीतरी बघत होती. आरशात बघण्यासारखं काही नव्हतं.

मला वडील आठवले. ते भारे टाकायचे ते देणं नव्हतं, कारण नाही म्हणायची सोय नव्हती. ज्या दिवशी दारात बसून ते नाही म्हणाले, त्या दिवशी बांधावरचं गवत पहिल्यांदा त्यांचं झालं. ते 'नाही' मी नीट पाठ केलं होतं. पण जे आपलं असतं ते मागणाऱ्याला घ्या म्हणता येतं, हा त्याच वाक्याचा दुसरा अर्धा भाग होता आणि तो मला कुणी शिकवला नव्हता. आमच्याकडं मागायला येईल असं कोण होतं तेव्हा?

"घ्या वहिनी," मी म्हणालो. "आमचंच आहे ते."

"आमचं म्हणजे नक्की कुणाचं?" केळकरांनी विचारलं. पेठेतल्या माणसाला अर्धवट चालत नाही.

"आमच्या घरचं. सुजाताचं, विश्वासचं आणि माझं. दगडापर्यंत."

वहिनी गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसल्या आणि एकेक काडी बघून खुडायला लागल्या. सुजाता म्हणाली, "हवी तेवढी घ्या, वहिनी. मालक कधी नव्हे ते राजी झालेत." मग माझ्याजवळून आत जाताना थांबली. "अण्णा, आपल्याच गवताचं कडेचं कापायला आता हरकत नसावी."

"कात्रीनं मला जमत नाही," मी म्हणालो.

"मग कशानं जमतं?"

"बघू."

ती आत गेली. कुकरचं झाकण लागल्याचा आवाज आला. तुम्ही विचारता करमतं का. मंडळी, करमणं वेगळं. बिबवेवाडीत मला अजूनही जास्त करमेल. तिथं माझी भाषा आहे, कट्टा आहे, शांताची भांडी आहेत, त्याला तोड नाही. पण घर कुठलं असं विचाराल तर आता उत्तर बदललं आहे. जिथलं काही शेजाऱ्यानं मागितलं आणि आपण कुणाला न विचारता घ्या म्हणालो, ते घर. गावात ते एक बांधाएवढं होतं. बिबवेवाडीत दोन खोल्यांएवढं. आता त्या दगडापर्यंत आहे. केळकरांसारख्या माणसानं साक्ष दिल्यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, कुणाला उठवलं नाही, आणि बिबवेवाडीची बस धरली. कुलूप उघडलं. कोंदट वास आला. खिडकी उघडली. विळा खिळ्यावर होता तसा होता, फक्त तेलावाचून कोरडा. शांताच्या डब्यातलं तेल लावलं आणि टॉवेलात गुंडाळला. कट्ट्यावर कांबळे एकटाच बसला होता.

"जयभीम. आलात का परत?"

"जयभीम. नाही," मी म्हणालो. "राहिलेलं न्यायला आलो होतो." आणि बंडीतली किल्ली काढून त्याच्या हातात दिली. "अधूनमधून खिडकी उघडत जा. भिंतीला ओल धरेल."

परत आलो तेव्हा केळकरांच्या घरात आरती चालली होती. सुजाता पायरीवर चहा घेत होती. माझ्या हातातला टॉवेल तिनं बघितला, आकारावरून ओळखला आणि सरकून वाट दिली. मी पट्टीत बसलो. वहिनींना दहा दिवस पुरेल एवढा दूर्वेचा तुकडा सोडला आणि बाकीच्याला हात घातला. मूठ धरायची, विळा ओढायचा. पन्नास वर्षांनी हात विसरला असेल वाटलं होतं. थोडा विसरलाही होता, पहिल्या दोन मुठी वेड्यावाकड्या गेल्या. पलीकडून मशीन आलं, तारेपाशी थांबलं आणि त्याच्या कामाला वळून गेलं.

एक शेळी अर्ध्या दिवसात संपवील एवढा भारा झाला. तो खांद्यावर घेतला आणि आमच्याच परसात नेऊन टाकला.